‘रोड टच’ची खरी किंमत

नायगाव, नांदेड नाहीतर लातूर, प्लॉटची कुठलीही जाहिरात घ्या. पाटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत दोनच शब्द असतात: ‘रोड टच’. एनए, क्लिअर सातबारा, बँक लोन उपलब्ध हे सगळं त्याच्या खाली, बारीक अक्षरांत. घरात प्लॉटची बोलणी चालू असली की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "रोडपासून किती आत आहे?" आत असला तर भाव पाडायचा, रोडवर असला तर गपचूप द्यायचा. हा हिशोब आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय की त्यात एक आकडा धरायचा राहून जातो. तो आकडा आवाजाचा.

नायगावचंच बघा. अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड, देगलूर आणि पुढे तेलंगणातलं संगारेड्डी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आपल्याच पट्ट्यातून जातो. दिवसा एसटी, ऑटो, काळी-पिवळी, बाइक. रात्री ट्रक आणि हैदराबादच्या ट्रॅव्हल्स. हंगाम सुरू झाला की कुंटूरच्या कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि डेकवर फुल्ल आवाजात गाणी. या रस्त्यामुळे दुकानं आली, हॉटेलं आली, जमिनीला भाव आला, नांदेडचं कॉलेज जवळ आलं. रस्त्याला नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. प्रश्न वेगळा आहे. या रस्त्याच्या आवाजाचं बिल कोण भरतं? कारण बिल तर येतंच. फक्त त्याची पावती कुणी देत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

आधी डेसिबलची भानगड समजून घेऊ

आवाज डेसिबलमध्ये मोजतात हे तुम्हाला माहीत आहे. पण डेसिबल हे किलो-लिटरसारखं सरळ माप नाही, ते लॉगॅरिदमचं माप आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि आपल्या कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ज्या रस्त्यावरून तासाला २०० गाड्या जात होत्या तिथून २,००० जायला लागल्या, तर कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटेल. उलट बाजूने बघितलं तर निम्म्या गाड्या कमी केल्या तरी फक्त ३ डेसिबल कमी होतात, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. एकदा वाढलेला आवाज खाली आणणं अवघड का असतं, ते इथे कळतं.

अंतराचंही तसंच आहे. सलग वाहतूक असलेल्या मोकळ्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं की साधारण ३ डेसिबल घटतात. समजा १० मीटरवर ७० डेसिबल आहेत, तर २० मीटरवर ६७, ४० मीटरवर ६४ आणि ८० मीटरवर ६१. पण मध्ये घरांची रांग आली की चित्र एकदम बदलतं. पहिल्या रांगेतली घरं आवाज अडवतात आणि मागच्या गल्लीला शांतता मिळते. मागच्या गल्लीतलं कुणी त्यासाठी पुढच्यांना एक रुपयाही देत नाही.

आता कायद्याचे आकडे. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात दिवसा ६५, रात्री ५५. शांतता क्षेत्रात दिवसा ५०, रात्री ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

घराच्या किमतीतून आवाज वेगळा कसा काढतात?

घर विकत घेताना आपण एकच रक्कम देतो, पण त्या रकमेत खूप गोष्टी मिसळलेल्या असतात. किती खोल्या, पाणी किती दिवसाआड येतं, शाळा किती लांब, शेजार कसा, रस्ता केवढा. १९७४ साली शेर्विन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एका प्रसिद्ध निबंधात ही गाठ कशी सोडवायची याची पक्की मांडणी केली. कल्पना सोपी आहे. शेकडो घरांचे व्यवहार घ्यायचे, प्रत्येक घराच्या सगळ्या गोष्टी लिहून काढायच्या आणि संख्याशास्त्राच्या मदतीने एकेका गोष्टीची किंमत वेगळी करायची. बाकी सगळं सारखं आणि फक्त आवाज वेगळा, अशा घरांच्या किमतीत जो फरक उरतो ती आवाजाची किंमत. या पद्धतीला ‘हेडोनिक प्राइसिंग’ म्हणतात. तुमच्यापैकी कुणी अर्थशास्त्र किंवा एमबीए करत असेल तर प्रोजेक्टसाठी याच्याइतका चांगला विषय नाही.

या पद्धतीने अमेरिका आणि युरोपात ढिगाने अभ्यास झाले. जॉन नेल्सन यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या महामार्गांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सरासरी निघाली ती अशी: आवाज एका डेसिबलने वाढला की घराची किंमत साधारण ०.४ टक्के घटते. नंतरच्या अभ्यासांत कुठे यापेक्षा कमी, कुठे जास्त आकडा आला, पण बहुतेक आकडे एका टक्क्याच्या आतले आहेत.

अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? गणित करून बघू. समजा एक घर २० लाखांचं आहे. मागच्या गल्लीत ५५ डेसिबल आणि रस्त्यावर ६५. फरक १० डेसिबलचा. डेसिबलमागे अर्धा टक्का धरला तर पाच टक्के, म्हणजे एक लाख रुपये. रस्त्याच्या एका बाजूला अशी ४० घरं असतील तर ४० लाख. ही रक्कम कुणी चोरली नाही, कुणाच्या खात्यात गेली नाही. ती फक्त विरून गेली. हे परदेशातले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथली घरं वेगळी, बाजार वेगळा. पण हिशोबाची रीत तीच.

मग आपल्याकडे उलटं का दिसतं?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर रोडवरचाच प्लॉट महाग! बरोबर आहे. कारण रस्ता एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. देतो ते येणं-जाणं, गिऱ्हाईक, दुकान काढायची सोय. काढून घेतो ती झोप आणि शांतता. आपल्याकडे देण्याची बाजू इतकी मोठी आहे की काढून घेतलेलं तिच्याखाली झाकलं जातं. किंमत वाढलेली दिसते, पण आवाज नसता तर ती आणखी किती वाढली असती हे कुणी विचारत नाही.

सरकारी तक्त्यातही हेच. मुद्रांक शुल्कासाठी जो रेडी रेकनर वापरतात त्यात विभाग, जमिनीचा वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय अशा गोष्टी धरतात. आवाजाचा रकाना त्यात नाही. म्हणजे ७० डेसिबलमध्ये झोपणाराही शांत गल्लीतल्या माणसाच्या हिशोबानेच शुल्क भरतो.

खरी मेख पुढे आहे. रस्त्याचा फायदा आणि रस्त्याचा आवाज एकाच माणसाच्या वाट्याला येतात असं नाही. खाली दुकानाचे गाळे आणि वर खोल्या, ही आपल्या तालुक्याच्या गावांतली नेहमीची रचना. गाळ्याचं भाडं मालकाला मिळतं. मालकाची ऐपत वाढली की तो मागे, शांत ठिकाणी घर बांधतो. वरच्या खोल्या भाड्याने जातात. त्या कोण घेतं? नवीन लग्न झालेलं जोडपं, बदलीवर आलेला कर्मचारी आणि बहुतेक वेळा आपण, म्हणजे विद्यार्थी. रोड टचचे पैसे एकाला आणि रात्रभराचे हॉर्न दुसऱ्याला. आवाजामुळे एखाद्या खोलीचं भाडं कमी झालं तर ती खोली ज्याला दुसरं परवडत नाही त्याच्याच नशिबी येते. शांतता ही हळूहळू पैसेवाल्यांची गोष्ट होत जाते ती अशी.

दुसरी मेख वेळेची. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा रस्ता दोन पदरी होता आणि रात्री गाड्या मोजून होत्या. रस्ता रुंद झाला, वेग वाढला, ट्रक वाढले. प्लॉटवर दुकान काढायचं असेल तर लॉटरी लागली. पण रिटायर झाल्यावर निवांत राहायचं म्हणून पीएफचे पैसे त्यात घातले असतील, तर ज्या गोष्टीसाठी पैसे दिले तीच गोष्ट हातातून गेली.

मराठवाड्याचं गणित वेगळं आहे

थंड देशांत आवाजावरचा पहिला उपाय म्हणजे दुहेरी काचेची खिडकी. तिथे तसंही खिडक्या बंदच असतात. घराची भिंत आणि बंद खिडकी मिळून बाहेरचा आवाज २५ डेसिबलपेक्षा जास्त कापू शकतात. खिडकी थोडी उघडी ठेवली की हाच फायदा १० ते १५ डेसिबलवर येतो.

आता हे आपल्या मे महिन्यात लावून बघा. पारा ४२ च्या वर, लाइट कधी जाईल याचा नेम नाही. खिडकी बंद केली तर जीव गुदमरतो, उघडली तर ट्रक घरात येतात. एसी ज्याला परवडतो तो खिडकी लावून घेतो आणि आवाजाचं बिल महावितरणच्या बिलात भरतो. कूलर असेल तर खिडकी उघडीच ठेवावी लागते. आणि ज्यांच्याकडे दोन्ही नाही ते गच्चीवर झोपतात. गच्चीवर कान आणि महामार्ग यांच्यात कुठलीच भिंत नसते. म्हणून बाहेरचा आकडा सारखा असला तरी आपल्या कानापर्यंत पोचणारा आवाज जास्त असतो. परदेशातल्या टक्क्यांवरून आपलं नुकसान मोजलं तर ते कमीच भरेल, असं मला वाटतं ते यासाठी.

झोपेचा प्रश्न नुसत्या चिडचिडीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या अहवालात म्हटलं होतं की एकट्या पश्चिम युरोपात वाहतुकीच्या आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षं वाया जातात. त्यातला सगळ्यात मोठा वाटा झोपमोडीचा होता. हृदयविकाराचा धोकाही त्यात धरलेला होता. २०१८ मध्ये याच संघटनेने युरोपसाठी सल्ला दिला की रस्त्याचा आवाज दिवस-रात्र मिळून सरासरी ५३ आणि रात्री ४५ डेसिबलच्या खाली असावा. मोजायच्या पद्धतीत थोडा फरक आहे, पण रात्रीचा हा ४५ आपल्या निवासी भागाच्या मर्यादेइतकाच आहे. म्हणजे कागदावर आपण मागे नाही. रस्त्यावर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

अभ्यासिका: शांततेचं दुकान

शांततेला किंमत नसते असं कुणी म्हणालं तर त्याला नांदेडच्या श्रीनगर-भाग्यनगरला किंवा लातूरच्या ट्युशन एरियात घेऊन जा. गल्लोगल्ली अभ्यासिकांच्या पाट्या. तिथे काय विकतात? खुर्ची, टेबल, दिवा, चार्जिंगचा पॉइंट. हे सगळं तर रूमवरही असतं. तरी आपण दर महिन्याला पैसे भरून तिथे जातो. आपण तिथे विकत घेतो ती शांतता.

अर्थशास्त्रात याला बचावाचा खर्च म्हणतात. त्रास टाळण्यासाठी जे पैसे खिशातून जातात ते त्या त्रासाच्या किमतीचा पुरावा असतात. अभ्यासिकेची फी, इअरफोन, कानातले बोळे, मागच्या बाजूच्या खोलीसाठी दिलेलं जास्तीचं भाडं, हे सगळं जोडा. समजा अभ्यासिकेची फी महिन्याला ८०० रुपये आहे आणि तुम्ही दोन वर्षं तयारी केली. १९,२०० रुपये झाले. सगळं आवाजामुळे नाही. काही जण वातावरणासाठी जातात, काही मित्रांसाठी. निम्मं धरा. तरी जवळपास साडेनऊ हजार. आपल्या बॅचमध्ये किती जण आहेत त्याने गुणून बघा.

आणि ज्याला हेही परवडत नाही त्याचं काय? न्यूयॉर्कमधला एक जुना अभ्यास सांगते. मॅनहॅटनमधल्या एका शाळेला लागून उंचावरून रेल्वेचा मार्ग जायचा. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये एकाच शाळेतल्या दोन बाजूंच्या वर्गांची तुलना केली. रेल्वेच्या बाजूची मुलं वाचनात मागे होती, आणि सहावीपर्यंत हा फरक जवळपास एका वर्षाचा झाला होता. त्यानंतर रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणाऱ्या टाइल लावल्या. पुढच्या तपासणीत दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आलेली दिसली. शाळा तीच होती, रेल्वेही तीच होती. आवाज तेवढा कमी झाला. आता आपल्या भागातल्या किती शाळांच्या खिडक्या थेट हायवेवर उघडतात ते मनातल्या मनात मोजा. नीटच्या मेरिट लिस्टमध्ये ‘हा मुलगा रोड टच खोलीत राहत होता’ असा शेरा नसतो.

मिठाईवाला आणि डॉक्टर

आवाज करणाऱ्याने भरावं की ऐकणाऱ्याने सोसावं? हा वाद जुना आहे. लंडनमध्ये एक मिठाईवाला होता. त्याच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं मोठे खलबत्ते चालायचे. शेजारच्या डॉक्टरने आपल्या आवारात नेमकी त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली. मग खलबत्त्याचा आवाज त्रास द्यायला लागला आणि डॉक्टर कोर्टात गेला. १८७९ मध्ये निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला.

हीच केस रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात घेतली. त्याचं म्हणणं असं: हक्क कुणाचा ते स्पष्ट असेल आणि बोलणी करायला फारसा खर्च येत नसेल, तर दोघं आपसात पैसे देऊन-घेऊन मार्ग काढतील. कोसला १९९१ मध्ये नोबेल मिळालं. पण महामार्गाला हे लावून बघा. बोलणी कुणाशी करणार? रात्री दोन वाजता हॉर्न मारून गेलेल्या ट्रकवाल्याशी? तो तर सकाळपर्यंत तेलंगणात. हजारो गाड्या, हजारो घरं. इथे आपसात मिटत नाही. अशा ठिकाणी आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये सुचवलेला रस्ता उरतो: जो दुसऱ्यावर खर्च लादतो त्याच्याकडून सरकारने तो कर किंवा दंड लावून वसूल करावा.

जमीन गेली त्याला मोबदला, आवाज आला त्याला?

रस्ता रुंद होताना ज्याची जमीन जाते त्याला मोबदला मिळतो. तो कमी-जास्त असतो, त्यावर भांडणं होतात, पण कायद्यात जागा आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ मध्ये तर जमीन गेलेल्या माणसाच्या उरलेल्या मालमत्तेचं नुकसानही हिशोबात धरायची तरतूद आहे. पण ज्याची एक इंचही जागा गेली नाही आणि रस्ता मात्र अंगणापर्यंत आला, त्याचं काय? त्याच्या नावावर ना नोटीस, ना धनादेश. त्याच्या वाट्याला फक्त डेसिबल.

ब्रिटनमध्ये १९७३ च्या लँड कम्पेन्सेशन ॲक्टने याचं उत्तर दिलं. नवीन रस्त्याच्या वापरामुळे होणारा आवाज, कंपनं, धूर यांनी घराची किंमत घटली, तर जमीन गेली नसली तरी मालक भरपाई मागू शकतो. रस्ता सुरू होऊन एक वर्ष झालं की अर्ज करायचा. रस्ता बांधणाऱ्यालाही मग आधीच कळतं की आवाजाचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात येणार आहे, आणि तो भिंत, रस्त्याचा पृष्ठभाग, वळण यांचा विचार आधी करतो.

आपल्याकडे काय होतं हे बऱ्याचदा कोण राहतं यावर ठरतं. मुंबईच्या पेडर रोडवर उड्डाणपूल करायचं ठरलं तेव्हा तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. विरोध करणाऱ्यांत लता मंगेशकर आणि आशा भोसलेही होत्या. तो पूल वर्षानुवर्षं रखडला. त्यांचं म्हणणं बरोबर की चूक हा वेगळा वाद. मुद्दा असा की तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकलं गेलं. नायगावच्या बसस्टँडजवळ खोली घेऊन राहणाऱ्या पोरापोरींचं म्हणणं ऐकायला कोण येणार?

हॉर्न: सगळ्यात स्वस्त उपाय

युरोपातल्या रस्त्यांचा आवाज मुख्यतः इंजिन आणि टायरचा. तो कमी करायला भिंती, नवीन डांबर, कोट्यवधी रुपये लागतात. आपल्या आवाजात मोठा वाटा हॉर्नचा आहे, आणि तो कमी करायला फक्त अंगठा उचलावा लागतो.

एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली, कारण ते वाक्य मागच्याला हॉर्न मारायचं निमंत्रणच होतं. जानेवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या ‘पनिशिंग सिग्नल’चा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल: हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. ऑक्टोबर २०२१ मध्ये नितीन गडकरींनी नाशिकच्या कार्यक्रमात हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम अशा वाद्यांचे आवाज यावेत अशी कल्पना मांडली होती. त्यावर मिम्स खूप झाले. पण रात्री दोनला हजार ट्रकांनी बासरी वाजवली तरी झोप मोडायची ती मोडणारच.

कायदा मात्र आहे. वेगवेगळ्या सुरांच्या म्युझिकल हॉर्नला मोटार वाहन नियमांत मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ एफ आलं: विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड. सायलेन्सर टाळून धूर सोडणाऱ्यालाही तेच कलम. म्हणजे बुलेटचा सायलेन्सर बदलून कॉलेजच्या गेटसमोर फटाके फोडणाऱ्या आपल्या मित्रालाही. पिगूचा कर शंभर वर्षांनी आपल्या दारात आलाय. पावती फाडणारं कुणी दिसत नाही एवढंच.

आता काम आपलं

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनी प्रदूषणावर मोठा निकाल दिला. राज्यातल्या मोठ्या शहरांचे ध्वनी नकाशे तयार करण्याचं कामही त्यानंतर पुढे गेलं आणि ‘नीरी’ने ते केलं. पण हे महापालिकांचं झालं. नगरपंचायतीच्या गावाचा नकाशा कोण करणार? तुम्हीच करू शकता. मोबाइलवर आवाज मोजायची मोफत ॲप्स आहेत. ती कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाहीत, पाच-सात डेसिबल इकडे-तिकडे होतील. पण एकाच फोनने वेगवेगळ्या जागा मोजल्या तर कुठे जास्त, कुठे कमी हे नक्की कळतं. चार मित्र, एक आठवडा, दिवसातून तीन वेळा: सकाळी ७, दुपारी २, रात्री ११. सोबत प्रत्येक ठिकाणच्या खोलीचं भाडं विचारा. पुढची खोली आणि मागची खोली, बाकी सगळं सारखं. भाड्यात फरक निघाला तर नायगावातल्या आवाजाची पहिली किंमत तुम्ही काढली. फरक निघाला नाही, तर त्याचाही अर्थ आहे: भाडेकरू पूर्ण पैसे देऊन अर्धी झोप घेतोय.

कॉलेजचंही बघा. आधी शाळा, कॉलेज, दवाखाना आणि कोर्टाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र धरले जायचे. १० ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा शांतता क्षेत्र ठरत नाही. म्हणून तुमच्या कॉलेजचा परिसर जाहीर झालाय का, हे प्राचार्यांना आणि तहसील कार्यालयात विचारा. झाला नसेल तर मागणीचं पत्र विद्यार्थ्यांनी द्यायला काय हरकत आहे? नियमांनुसार मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर कुणीही नागरिक तक्रार करू शकतो. डीजेसाठी आपण ११२ लावतो. तसाच तक्रारीचा हक्क रस्त्याच्या आवाजालाही आहे.

आणि घरी प्लॉट घ्यायची बोलणी चालू असतील तर एक करा. एजंट दुपारी न्यायला येतो, आणि दुपारी सगळेच प्लॉट चांगले दिसतात. तुम्ही आई-बाबांना घेऊन रात्री अकरा वाजता जा. गाडी बंद करा, मोबाइल खिशात ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहा. दुकान काढायचं असेल तर खुशाल रोड टच घ्या. राहायचं असेल तर एक रांग मागे भाव विचारा, आणि पुढच्यासाठीही भाव करताना आवाजाचे पैसे कापून मागा. एजंट हसेल. त्याला सांगा, अमेरिकेत १९८२ पासून कापतात.